आठव्या गाठीच्या खाली

मार्च लागला की मला एक ईमेल येतो. 'आपल्या शोधनिबंधाचा संदर्भ एका नव्या लेखात घेतला गेला आहे. अभिनंदन!' नऊ वर्षं झाली, हंगाम काही चुकत नाही. इकडं रानात हळद निघते, तिकडं कुणीतरी हळदीच्या साठवणीवर लिहायला बसतं आणि माझं एक वाक्य उचलतं. दुसरं कुणी असतं तर स्टाफरूममध्ये पेढे वाटले असते. मी ईमेल उघडते, वाचते, पुसून टाकते आणि मोबाइल टेबलावर पालथा ठेवते. पालथा ठेवून काय होणार आहे म्हणा!

कराडला लागून असलेल्या मलकापुरातल्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. कॉलेजच्या मागं शेतं आहेत. या दिवसांत दुपारच्या तासाला खिडकीतून शिजत्या हळदीचा वास येतो. ज्याला तो माहीत आहे त्याला सांगायला नको, ज्याला माहीत नाही त्याला सांगून कळायचा नाही. पोरं नाकाला रुमाल लावतात. मी फळ्याकडं तोंड करून लिहीत राहते. त्या वासात माझं एक अख्खं वर्ष कोंडलेलं आहे, आणि त्या वर्षात मी.

यंदा ईमेलच्या आधी आरती आली. आरती माझी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, पाटणच्याही पलीकडच्या वाडीतली. रोज पहाटेची एसटी पकडून येते, पण वहीचं पान कधी दुमडलेलं नसतं. तिनं प्रकल्पाला विषय घेतला होता हळदीच्या पेवांचा. मी तिला आडून आडून दुसरे चार विषय सुचवले होते. पण पोरगी हट्टी. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड एका माणसापुरतं आणि पोट रांजणासारखं मोठं, वीस-बावीस फूट खोल. शेणानं सारवायचं, उसाचं पाचट लावायचं, हळद भरायची, वर फरशी टाकून मातीनं लिंपायचं. हळद आत वर्षानुवर्षं राहते, पण तिच्याबरोबर कोंडलेली हवा उतरणाऱ्याचा जीव घेऊ शकते. सांगलीजवळ नदीकाठी अशी पेवं शेकड्यांनी होती. पुरानं बरीच खाल्ली, थोडी उरलीत.

"म्यॅडम, सोमवारी सांगलीला चाललेय. एक पेव उघडनार हायती. मी सोता उतरून तळातली हळद आननार," आरती म्हणाली आणि तिनं अहवाल पुढं ठेवला. सहाव्या पानावर वाक्य होतं: पेव उघडल्यानंतर दोन तासांत आतील हवा उतरण्यास सुरक्षित होते. पुढं कंसात माझं नाव.

"हे कुठून घेतलंस?" मी विचारलं. काय पण प्रश्न!

"तुमच्याच निबंधातनं की," ती हसली. "घरात आई नको म्हनत हुती. तिला तुमचं नाव दाखवलं, तवा कुठं गप बसली."

मी अहवाल ठेवून घेतला आणि उद्या ये म्हणाले. ती गेल्यावर मी ते पान किती वेळ बघत बसले कोण जाणे. शिपाई येऊन पंखा बंद करून गेला, तरी मी तिथंच.

नऊ वर्षांपूर्वी एका हंगामापासून दुसऱ्या हंगामापर्यंतचं अख्खं वर्ष मी सांगलीत काढलं, एका भाड्याच्या खोलीत. खोलीला एकच खिडकी आणि खिडकीखाली हळद पॉलिश करायचा ड्रम. दिवसभर तो गडगड फिरायचा आणि पिवळी धूळ वर यायची. खिडकी उघडली तर धूळ, लावली तर एप्रिलची काहिली. मी लावूनच बसायची. उशी पिवळी, ओढणी पिवळी, नखं पिवळी. आई फोनवर म्हणायची, "लग्नाआदीच हळद लागली गं तुला!" आणि स्वतःच हसायची. मला हसू यायचं नाही. प्रबंध पुढच्या मे महिन्यात द्यायचा होता. नाही दिला तर मुदत संपत होती आणि पाच वर्षं पाण्यात.

त्या खोलीत मी शास्त्रीय लिहायला शिकले. शिकले म्हणजे काय, स्वतःला वाक्यातून बाहेर काढायला शिकले. 'मी मोजलं' असं लिहायचं नाही, 'मोजण्यात आले' लिहायचं. कुणी मोजलं, तर कुणी नाही. आपोआप मोजलं गेलं, आभाळातून पडलं. फारच झालं तर 'आम्ही' लिहायचं. आम्ही म्हणजे कोण? एक मी आणि एक गडगडणारा ड्रम.

आमच्या घरात हे असलं चालत नसे. माझे वडील, आप्पा, फौजेत हवालदार होते. मी शाळेतून येऊन काही सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "बगितलंस का ऐकलंस?" बघितलं म्हटलं की पुढचा प्रश्न, "किती लांबनं?" नदीला पाणी आलं एवढं सांगायचं तरी माझी उलटतपासणी व्हायची. आई याच्या बरोबर उलट. तिच्याकडं 'म्हणे' होतं. वरच्या आळीतल्या सुनेनं म्हणे भांडून घर सोडलं. एकदा 'म्हणे' लावलं की आई मोकळी, पुढं खरं ठरो की खोटं. पण गंमत बघा, आईच्या बोलण्यातसुद्धा ऐकणाऱ्याला बरोबर कळायचं की हिनं हे स्वतः पाहिलेलं नाही. माझ्या निबंधात तेवढंही कळत नव्हतं.

माझे गाईड, त्यांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. माझ्या पहिल्या मसुद्यावर त्यांनी लाल पेननं सव्वीस गोल केले होते. कदाचित, असावे, शक्यता वाटते, बहुधा. "अगं, तू संशोधक आहेस का पाऊसपाण्याचा अंदाज सांगणारी?" ते म्हणाले. "निबंधात भूमिका घ्यावी लागते. एका बाजूला उभं राहावं लागतं." पुढं निबंध ज्या परीक्षकाकडं गेला त्यानंही तेच लिहून पाठवलं: निष्कर्षात लेखिकेची भूमिका स्पष्ट होत नाही. मग मी केली स्पष्ट. सव्वीसच्या सव्वीस 'कदाचित' काढून टाकले. रानातलं तण उपटावं तशी उपटत गेले, आणि उपटताना मला बरं वाटत होतं हेही कबूल करते. वाक्यं कशी ताठ उभी राहिली!

आता खरी गोष्ट सांगते. पहिल्या हंगामात हवा मोजायचं माझं यंत्र उसनं आणलेलं होतं. त्याला एक रबरी नळी होती, ती पेवात सोडायची आणि वर आकडा वाचायचा. नळी बारा फुटांची. पेव बावीस फुटांचं. लांब नळी पुण्याहून मागवावी लागली असती आणि ती येईपर्यंत हंगाम सरला असता. मी बारा फुटांवर मोजलं. दोन तासांनी आकडा चांगला आला. निबंधात लिहिलं, 'पेवातील हवेचे नमुने घेण्यात आले.' कुठल्या खोलीवरचे, ते लिहिलं नाही. कुणी विचारलंही नाही. जड हवा तळाशी बसते हे अकरावीच्या पोराला कळतं, आणि मी तर रसायनशास्त्राची!

आणि हे मला कळत नव्हतं असंही नाही. दस्तगीरचाचांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

दस्तगीरचाचा म्हणजे पेवं भरणारे-उपसणारे जुने कामगार. त्यांच्या वडलांनीही तेच काम केलं. साठीचे होते तेव्हा, पांढरी दाढी, आणि तळहात असे पिवळे की ईदला धुऊनसुद्धा उतरत नसत. त्यांच्याकडं एक सुती दोर होता. त्याला हाताहातावर गाठ मारलेली. पेवाची फरशी काढली की ते कंदील पेटवायचे, दोराला बांधायचे, बिस्मिल्ला म्हणायचे आणि गाठी मोजत खाली सोडायचे. दिवा तळापर्यंत जळत राहिला तर उतरायचं. विझला तर वर ओढायचा, पुन्हा वाट बघायची. कधी दोन तास, कधी दिवसभर, कधी दुसरा दिवस.

"पण चाचा, नेमका किती वेळ लागतो?" मी वही उघडून विचारलं होतं.

"ते पेव सांगतंय ताई, मी कोन सांगनार? ह्येचं निराळं, त्येचं निराळं. पाऊस किती झाला, हळद कशी वाळलीवती, वारं हाय का न्हाई. आमी फकस्त दिवा सोडतो."

त्यांच्यात एक रीत होती. दिवा ज्यानं सोडला आणि 'उतरा' म्हणून ज्यानं सांगितलं, त्यानंच पहिल्यांदा उतरायचं. मग बाकीचे. त्यामुळं तिथं कुणी उगाच बोलत नसे. तरणी पोरं एरवी शंभर गप्पा हाणायची, पण पेवाच्या तोंडाशी सगळे गप्प. मला ती रीत फार आवडली होती. वहीत उतरवून घेतली. आणि निबंधात काय लिहिलं? 'दिवा सोडल्याने हवेची परीक्षा होते, अशी स्थानिक कामगारांची समजूत आहे.'

समजूत! चाळीस वर्षं जो माणूस त्या भोकात जीव घेऊन उतरला त्याची समजूत, आणि माझ्या आखूड नळीचं सत्य. सगळा ठामपणा मी माझ्याकडं ठेवला आणि सगळी शंका चाचांच्या पदरात घातली. भूमिका म्हणतात ती हीच असेल तर मी अगदी पक्की घेतली होती.

निबंध छापून आला. सरांनी त्यावरून एका पानाचं मराठी पत्रक केलं, शेतकरी मेळाव्यात वाटलं. आणि पुढच्या हंगामात, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, सर पेव बघायला आले तेव्हा ते पत्रक एका शेठच्या खिशातून बाहेर आलं.

ऊन मी म्हणत होतं. पेव सकाळी उघडलेलं. चाचांनी तिसऱ्यांदा दिवा सोडला आणि तो तिसऱ्यांदा विझला. ट्रक उभा, हमाल बसलेले, शेठ घड्याळ बघतायत. ते म्हणाले, "चाचा, दोन तास कवाच झाले. ह्यात छापलंय बगा, दोन तासांत हवा मोकळी हुते. ही म्यॅडम हुबीच हाय, तिला इचारा."

चाचांनी कागद घेतला नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, अगदी साध्या नजरेनं. "ताई, तुमी सांगितलंय ह्ये?"

"म्हणजे... तसं आढळून आलंय," मी म्हणाले.

"मग हिकडं या," ते म्हणाले आणि दोराचं टोक माझ्यापुढं धरलं. "रीत तुमाला म्हाईत हाय. सांगनाऱ्यानं आदी उतरायचं. तुमी उतरा, मागनं मी हायेच."

टोमणा नव्हता तो. मी त्यांच्यातली एक, असं धरून दिलेला मान होता. मी पेवाच्या तोंडाशी गेले. खाली काळोख आणि उग्र, गरम वास. सर मागं उभे होते, शेठ समोर, हमाल सगळे बघत होते, आणि माझं वाक्य शेठच्या हातात छापलेलं. पुढं गेले तर जीव जाईल, मागं सरले तर वाक्य. असं अडकणं मी त्याआधी कधी अनुभवलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "नका उतरू कुणी, चाचा."

"का?"

नळी आखूड होती, एवढंच तर सांगायचं होतं! तीन शब्द. ते आले नाहीत. चाचांनी मान हलवली, दोर गुंडाळला आणि हमालांना म्हणाले, "चला रं, उद्या बगू." शेठ चडफडत गेले.

गाडीत सर म्हणाले, "उंचीची, खोलीची भीती वाटते काहींना. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण भीती म्हणजे निष्कर्ष नव्हे." त्यांनी मला वाट काढून दिली होती आणि मी त्या वाटेनं गेले. मे महिन्यात प्रबंध दिला. वाक्य तसंच ठेवलं. डॉक्टर झाले. आप्पांनी गावात जेवण घातलं, आणि हात धुताना विचारलं, "समदं डोळ्यांनी बगून लिवलंस न्हवं?" मी म्हणाले, हो. आप्पा आता नाहीत. ते 'हो' तेवढं राहिलंय.

त्यानंतरची नऊ वर्षं मला कुणी डांबून ठेवलं नाही. नोकरी लागली, लग्न झालं, महाबळेश्वरच्या सहली झाल्या. पण ते वाक्य हिंडत राहिलं. एकानं घेतलं, त्याचं बघून दुसऱ्यानं. प्रत्येक वेळी ते जास्तच खरं होत गेलं, कारण आता त्याच्यामागं आठ जणांची नावं होती. मी ते मागं घ्यायचं म्हटलं तर माझी पदवी, ही खुर्ची, सगळ्याच्याच बुडाशी तेच. दर मार्चला मी ठरवायची आणि दर एप्रिलला परीक्षांच्या कामात विसरायची. विसरायची कसली, विसरल्याचं दाखवायची.

दुसऱ्या दिवशी आरती आली. मी दार लावून घेतलं आणि सांगितलं. नळी, बारा फूट, बावीस फूट, शेठ, दोर, सगळं. ती उभीच होती. मी बस म्हटलं तरी बसली नाही.

"म्हंजी मी उतरले असते," ती हळूच म्हणाली.

"हो."

"आनि तुमाला म्हाईत हुतं."

"हो."

"मग नऊ वरसं गप का ऱ्हायला म्यॅडम?"

मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मुदत, सर, परीक्षक... सगळी कारणं जिभेवर आली आणि तिच्या सरळ नजरेपुढं एकही टिकेना. "भ्याले," मी म्हणाले. तिनं अहवाल उचलला, सहावं पान फाडलं, घडी घालून माझ्या टेबलावर ठेवलं आणि गेली. ती चिडली याचं मला बरंच वाटलं. तिनं समजून घेतलं असतं तर मी मेलेच असते.

त्या दुपारी मी नियतकालिकाच्या संपादकांना लिहिलं. नऊ वर्षांत शास्त्रीय कामासाठी पहिल्यांदाच मी 'मी' लिहिलं. 'मी बारा फुटांपर्यंतच मोजलं. त्याखाली काय होतं हे मला माहीत नाही. हे मी निबंधात लपवलं. दस्तगीर नावाच्या कामगारांनी मला सावध केलं होतं, त्यांच्या म्हणण्याला मी समजूत म्हटलं, ती माझी चूक.' पाठवलं आणि मग प्राचार्यांच्या दालनात जाऊन त्याची एक प्रत दिली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "बघू. वरती विचारावं लागेल." संपादकांचंही उत्तर आलंय, पत्र विचाराधीन आहे. म्हणजे त्या कोंडलेल्या वर्षात अजून मी आतच आहे.

मग चाचांना फोन लावला. आवाज थकलेला, पण ओळखला लगेच. "आवं ताई! किती वरसांनी!" मी म्हणाले, सोमवारी पेवावर येते, दोर घेऊन या. "दिवा कोन सोडनार?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, मी.

सोमवारी आरती एसटी स्टँडवर उभी होती. एसटीत माझ्या शेजारीच बसली. कराड ते सांगली दोन्ही बाजूंना पिवळी रास, पिवळे ढीग, पिवळ्या ओढण्यांच्या बाया. आरती खिडकीतून बघत होती आणि मी माझ्या नखांकडं.

चाचा काठी टेकत आले. कंदील बदलला होता, दोर तोच. फरशी काढून अडीच तास झाले होते. मी मुद्दामच थांबले होते. तोंडाशी गुडघ्यांवर बसले, बिस्मिल्ला चाचांनी म्हटलं, मी दोर सोडला. एक, दोन, तीन. गाठी बोटांतून सरकत होत्या. आरती वही घेऊन बाजूला. सहा, सात, आठ. आठ हात म्हणजे बारा फूट. दिवा शांत जळत होता, ज्योत हलतसुद्धा नव्हती. माझा निबंध इथवर खरा होता. मला क्षणभर वाटलं, आता थांबावं, दोर ओढून घ्यावा. कुणाला काय कळणार आहे?

नववी गाठ. ज्योत पिवळ्याची तांबडी झाली. दहावी. अकरावीला ती आखडली, एकदा उडाली आणि विझली. खाली नुसता काळोख उरला. माझ्या हातात दोर होता.

आरती माझ्या शेजारी येऊन बसली, माझा हात धरून दोर वर ओढू लागली. कंदील बाहेर आला तेव्हा काच अजून गरम होती.

"म्यॅडम," तिनं वही उघडली, "आता किती वेळ थांबायचं? काय लिहू?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "तसंच लिही. आणि खाली माझं नाव लिही."

तिनं लिहिलं. मग आम्ही तिघं लिंबाच्या सावलीत पोत्यावर बसलो आणि पेवाकडं बघत वाट बघू लागलो.